ऊब जाते कुठे?

ब्रिटनमधल्या मराठी घरांत ऑक्टोबर सरत आला की कढीलिंबाच्या कुंड्यांची हलवाहलव सुरू होते. उन्हाळाभर परसात टवटवीत असणारं हे झाड पारा दहा अंशांखाली उतरला की वाढ थांबवतं, पानं टाकू लागतं आणि एकदा पानांवरचं दव गोठलं की बहुधा हातचं जातं. ज्यांच्या परसात छोटं काचघर आहे, ते कुंड्या तिथे हलवतात. शेजारच्या इंग्रज घरातही हीच गडबड असते. तिथे जिरेनियम, फ्यूशिया आणि लिंबाची झाडं आत जातात. मग कडाक्याची पहिली रात्र येते आणि कळतं, की काच वारा अडवते, थंडी अडवत नाही.

या हौसेचा खर्च २०२२च्या हिवाळ्यात फार जाणवला. २०२१च्या ऑक्टोबरात ब्रिटनमधल्या घरगुती ग्राहकाला विजेचं एक युनिट सुमारे २१ पेन्सना पडत होतं. वर्षभरानं, सरकारनं दर बांधून दिल्यानंतरही, ते ३४ पेन्सवर गेलं. परसातलं नेहमीचं काचघर सहा बाय आठ फुटांचं. भिंती आणि छप्पर मिळून त्याची काच साधारण १९ चौरस मीटर भरते. एकपदरी काचेच्या प्रत्येक चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असला तरी, जवळपास पावणेसहा वॅट ऊब निसटते. म्हणजे अख्ख्या काचघरातून अंशामागे सुमारे ११० वॅट. बाहेर उणे ३ असताना आत ५ अंश राखायचे, तर जवळपास ९०० वॅट सतत पुरवावे लागतात. चौदा तासांच्या रात्रीत ही १२ युनिटं झाली. २०२२च्या दरानं चार पौंडांहून जास्त. आत दहा अंश हवे असतील तर २० युनिटं आणि पावणेसात पौंड. फटींतून निसटणारी ऊब या हिशेबात धरलेलीच नाही.

प्रत्येक रात्र इतकी गार नसते, हे खरं. पण हिशेबातून एक गोष्ट स्वच्छ दिसते: हीटर कोणता घ्यावा, हा प्रश्न नंतरचा. आत किती अंश हवेत आणि ऊब कुठून जाते, हे आधी ठरवायला हवं.

बहुतेक हौशी माणसं गरजेपेक्षा जास्त तापवतात. जिरेनियमला, लिंबाला किंवा फ्यूशियाला हिवाळ्यात वाढायचं नसतं, फक्त तगायचं असतं. माती कोरडीशी ठेवली तर त्यांना चार-पाच अंश पुरतात. पालक, लेट्यूस आणि कोथिंबीर तर न तापवलेल्या काचघरातही हलकी थंडी सोसतात. दहा अंश मागणारी झाडं मोजकीच असतात. त्या दोन-चार कुंड्यांसाठी अख्खं काचघर तापवण्यापेक्षा त्या घरातल्या उजेडाच्या खिडकीत ठेवणं केव्हाही स्वस्त. दुकानी हीटरच्या चकतीवरचे आकडेही फारसे भरवशाचे नसतात. रात्रीचं किमान तापमान नोंदवून ठेवणारा साधा तापमापक झाडांच्या उंचीवर, सावलीत टांगला, की खरा आकडा सकाळी डोळ्यांसमोर असतो.

आता गळती. मोठ्या बुडबुड्यांचं प्लॅस्टिक, ज्याला सगळे बबलरॅप म्हणतात, काचेच्या आतून, मध्ये थोडी हवा राहील असं लावलं तर गळती तिसऱ्या हिश्श्यानं तरी घटते. दाराच्या फटी, सैल काचा आणि नीट न मिटणारी छपराची झडप यांच्याकडेही लक्ष हवं. वाऱ्याच्या रात्री एवढीशी फटसुद्धा हीटरला दमवते. बबलरॅप थोडा उजेड खातं, म्हणून रोपं वाढीला लागली की ते काढायचं. दुपारी ऊन असेल तेव्हा झडप थोडा वेळ उघडणंही तितकंच गरजेचं, कारण कोंडलेल्या दमट हवेत पानांवर करडी बुरशी धरते आणि थंडीतून वाचलेली झाडं तिच्यामुळे जातात.

त्याच प्लॅस्टिकचा पडदा काचघराच्या मधोमध सोडला आणि नाजूक झाडं एका बाजूला आणली, तर तापवायची जागा निम्मी होते. त्या झाडांवर रात्री बागकामाचं पांढरं विणरहित कापड टाकलं की आणखी दोनेक अंश मिळतात. फेब्रुवारीत मिरची-टोमॅटोचं बी टाकणाऱ्यांना वीस अंश लागतात, पण ते फक्त मुळाशी. बियांच्या ट्रेखाली घालायची वीस वॅटची विजेची चटई चोवीस तास चालली तरी अर्धं युनिटही जाळत नाही. या सगळ्या उद्योगात पैशाला सर्वांत जागणारी वस्तू कोणती, तर ही चटई.

एवढं केल्यावर जो हीटर लागतो, तो लहान असतो. जाहिरातींत काहीही म्हटलेलं असो, विजेचा कुठलाही साधा हीटर एका युनिटमधून एका युनिटएवढीच ऊब देतो. पंखा असलेला हीटर हवा फिरवत राहतो, त्यामुळे कोपऱ्यात गारठा साठत नाही आणि पानं कोरडी राहतात. म्हणून तो बरा. मात्र ओलीच्या जागी चालेल असाच हीटर घ्यायचा आणि वीज झिरपताच प्रवाह तोडणारं आरसीडी बसवल्याशिवाय तो लावायचा नाही. इंग्रज बागांतला जुना साथी म्हणजे रॉकेलचा हीटर. एक लिटर रॉकेल साधारण दहा युनिटं ऊब देतं, पण जळताना लिटरभराहून जास्त पाण्याची वाफही सोडतं. ती वाफ गार काचेवर आणि पानांवर बसते आणि बुरशीला निमंत्रण मिळतं. त्याच्यासाठी झडप किलकिली ठेवावी लागते, म्हणजे विकत घेतलेल्या उबेतली थोडी बाहेर सोडावीच लागते. वीज गेली तर हाताशी असावा, एवढ्यापुरता तो ठीक.

आणखी एक युक्ती दर हिवाळ्यात फिरते: मातीच्या कुंडीखाली छोट्या मेणबत्त्या लावायच्या. अशी एक मेणबत्ती तीस-चाळीस वॅट ऊब देते. तिच्यावर कुंडी पालथी घातल्यानं ती ऊब वाढत नाही. एकपदरी काचघर एका अंशानं तापवायला तीन मेणबत्त्या लागतात, आणि त्या जळत्या ज्योती प्लॅस्टिकच्या अस्तराजवळ रात्रभर एकट्या सोडायच्या! हा धोका कुणीही पत्करू नये.

उबेच्या पुरवठ्यावरच सगळी भिस्त ठेवली तर काय होतं, याचं ब्रिटनमधलं सर्वांत भव्य उदाहरण डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थचं. पुढे क्रिस्टल पॅलेसमुळे गाजलेल्या जोसेफ पॅक्स्टननं तिथल्या ड्यूकसाठी १८३६ ते १८४० दरम्यान एक प्रचंड काचघर उभारलं. आतून घोडागाडी फिरेल एवढं ते मोठं होतं. जमिनीखाली आठ बॉयलर होते आणि गरम पाण्याच्या नळांची लांबी मैलांत मोजावी लागे. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना. उष्ण प्रदेशातली झाडं गारठून मेली आणि १९२०मध्ये हे काचघर पाडून टाकण्यात आलं.

त्याच काळात बागांतले माळी दुसऱ्या मार्गानंही ऊब मिळवत होते, घोड्याच्या ताज्या लिदीतून. गवताच्या काडांत मिसळलेली लीद दोन-तीन फूट रचली की कुजताना ती आठवडेच्या आठवडे गरम राहते. कॉर्नवॉलमधल्या हेलिगनच्या बागेत लिदीच्या उबेवर अननस पिकवणारा खड्डा जतन केलेला आहे. जवळ घोड्यांचा तबेला असेल, तर वाफ्याखाली असा थर घालून वसंतातली रोपं आजही विजेशिवाय वाढवता येतात.

पाण्याचंही तसंच. निफाड भागात पारा उतरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचं पाणी सोडतात, कारण ते पाणी हवेपेक्षा उबदार असतं. काचघरात पाण्याची पिंपं ठेवण्यामागे तोच विचार आहे. २०० लिटरचं पिंप दहा अंशांवरून पाचवर येताना जेमतेम सव्वा युनिट ऊब सोडतं. गोठताना मात्र तेच पाणी कितीतरी पट ऊब बाहेर टाकतं. म्हणून थंड देशांत तळघरातल्या बटाट्यांशेजारी पाण्याचा टब ठेवण्याची जुनी रीत आहे. पण पिंपात ऊब भरायला दिवसा ऊन हवं, आणि डिसेंबरात लंडनला दिवसाला सरासरी दोन तासही स्वच्छ ऊन मिळत नाही.

ऊन भरपूर असेल तर काय साधतं, ते लडाखमध्ये दिसतं. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात पारा उणे वीसच्याही खाली जातो, पण आकाश निरभ्र असतं. गेरेस या संस्थेनं स्थानिक संस्थांच्या मदतीनं तिथे जी हरितगृहं उभारली, त्यांना २००९मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. या हरितगृहांची फक्त दक्षिण बाजू पारदर्शक प्लॅस्टिकची. बाकी तिन्ही बाजूंना कच्च्या विटांच्या दुहेरी भिंती आणि मधल्या पोकळीत गवत. उत्तरेची भिंत आतून काळी. दिवसभर ती ऊन पिते आणि रात्री परत देते. इंधनाचा एक थेंबही न जाळता भर हिवाळ्यात आत पालेभाजी उगवते.

लंडनच्या ढगाळ डिसेंबरात ही काळी भिंत एकटी पुरणार नाही. तरी ज्यांना काचघर अजून घ्यायचं आहे, त्यांनी लडाखची रचना पाहून ठेवावी. ते परसाच्या मध्यभागी सुटं उभं न करता घराच्या दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीला टेकवलं, तर चारातली एक बाजू गळायची थांबते, उत्तरेचा वारा अडतो आणि घरातून भिंतीत झिरपणारी ऊबही झाडांना मिळते. काचेऐवजी दहा मिलिमीटर जाडीचे पोकळ पॉलिकार्बोनेटचे पत्रे लावले, तर उरलेल्या तीन बाजूंची आणि छपराची गळती निम्म्याच्या आसपास येते.