पन्नास रुपये भाड्याची खोली

आमच्या अम्मीच्या लोखंडी कपाटात एक जुनी फाईल आहे. तिच्यात डोंगरीतल्या खोलीच्या भाडेपावत्या आहेत. महिन्याचे भाडे ५० रुपये. एवढ्या स्वस्तात मुंबईत डोक्यावर छप्पर म्हणजे अल्लाहची मेहरबानी, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तेच छप्पर दर पावसाळ्यात गळते आणि घरमालक फिरकतही नाही. याचा त्या ५० रुपयांशी काही संबंध असेल, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसांची रीघ लागली, नवी बांधकामे थंडावली आणि भाडी चढू लागली. गरीब भाडेकरू रस्त्यावर येऊ नयेत म्हणून सरकारने भाडी बांधून टाकली. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर रोखले. फाळणीनंतरच्या कठीण दिवसांत या कायद्याने कितीतरी कुटुंबांना आधार दिला, हे नाकारता येणार नाही. हेतू नेक होता. पण काही काळापुरता केलेला कायदा मुदत वाढवत वाढवत पन्नास वर्षे चालला. डाळ, तांदूळ, सिमेंट, गवंड्याची मजुरी, सगळे वाढले. भाडे तेवढे १९४० मध्येच राहिले.

पुढे जे झाले ते कुणी ठरवून केले नव्हते. भाड्यातून रंगसफेदीचा खर्चही सुटेना, म्हणून मालकांनी दुरुस्ती सोडली. इमारती खचू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये आणखी एक कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमावे लागले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवावा लागला.

मग पागडी आली. उघड भाडे वाढवता येत नाही, म्हणून खोली देताना मोठी रक्कम हातावर घेण्याची रीत पडली. व्यवहार बेकायदा, त्यामुळे पावती नाही. जो आधीपासून आत होता तो सुखरूप. गावाहून नोकरीला आलेला किंवा नवे लग्न झालेला मात्र बाहेरच.

१९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षी १ फेब्रुवारीला लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्यांचे भले झाले. पण एकदा दिलेले घर परत मिळत नाही, ही भीती मालकांच्या मनात बसली. अनेकांनी रिकामी घरे कुलूप लावून ठेवली. शिवाय या कायद्याने गरीब-श्रीमंत पाहिले नाही. विधवेच्या खोलीला जे संरक्षण, तेच मोठ्या बँकेच्या कार्यालयाला.

गोठवलेली भाडी आता न्याय्य राहिलेली नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला. बँका आणि मोठ्या कंपन्यांचे संरक्षण गेले, पागडीला मान्यता मिळाली आणि भाडे वर्षाला ४ टक्के वाढवता येऊ लागले. ५० रुपयांवर ४ टक्के म्हणजे २ रुपये. त्यात घमेलेभर सिमेंटही येत नाही.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी, बकरी ईदच्या दोन दिवस आधी, भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली. तीसहून अधिक माणसे दगावली. इमारत पडण्याला कारणे अनेक असतात. सारा दोष भाड्यावर टाकणे बरोबर नाही. पण ज्या घराच्या डागडुजीत कुणालाच रस उरत नाही, ते कधीतरी माणसांवरच येते.

मदीनेत भाव चढले तेव्हा लोकांनी प्रेषितांकडे (स.) दर ठरवून देण्याची मागणी केली. आपल्या हातून कुणावर जुलूम होऊ नये म्हणून त्यांनी ती मान्य केली नाही. साठेबाजी मात्र त्यांनी गुनाह ठरवली. लबाडी रोखणे वेगळे आणि किंमत गोठवणे वेगळे, असा बोध आम्ही त्यातून घेतो.

म्हणून भाडेकरूंचे संरक्षण एका झटक्यात काढा, असे आम्ही म्हणत नाही. अम्मीसारख्या बायका जातील कुठे? ज्याला परवडत नाही त्याचा भार सरकारी तिजोरीने उचलावा. ज्याला परवडते त्याने दुरुस्तीपुरते तरी भाडे द्यावे.

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या मजल्यावरच्या आठ घरांनी वर्गणी काढून जिन्याला लोखंडी टेकू लावले. प्रत्येकाच्या वाट्याला आलेली रक्कम कित्येक वर्षांच्या भाड्याहून जास्त होती. अम्मीने ती मुकाट्याने दिली आणि पावती त्याच फाईलमध्ये ठेवली.