‘सराव’ शब्दाचे दोन अर्थ आणि गिरिप्रवासाची तयारी

शिरूर-दौंडकडील मंडळींमध्ये हिमालयातील पदयात्रेच्या तयारीविषयी बोलणे निघाले की ‘सराव’ हा शब्द हटकून येतो. या शब्दाची दोन अंगे आहेत. ‘चढण्याचा सराव केला’ या प्रयोगात कर्ता प्रयत्न करीत असतो. ‘तो थंडीला सरावला’ या प्रयोगात परिस्थिती त्याच्या अंगवळणी पडते, आणि तीही आपल्या गतीने. पहिल्या प्रयोगात ‘करणे’ आहे, दुसऱ्यात ‘होणे’. एरवी व्याकरणापुरता राहणारा हा भेद तीन हजार मीटरांच्या वर जिवाशी येऊन भिडतो.

भीमा आणि घोड या नद्यांच्या काठचा हा सपाट मुलूख समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास साधारणतः २५०० मीटरांनंतर सुरू होतो. म्हणजे उंचीला सरावण्याची सोय आपल्या राज्यात कोठेही नाही. साडेपाच हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. शरीर मग श्वसन वाढविते, मूत्रपिंडे रक्तातील आम्लतेचे संतुलन नव्याने साधतात. यास काही दिवस लागतात. रक्तातील तांबड्या पेशींच्या वाढीस तर आठवडे. दंडबैठकांनी ही प्रक्रिया लवकर होत नाही. उलट सुदृढ तरुण भराभर चढू शकतो, म्हणूनच तो अधिक सहज फसतो. हेलिकॉप्टरने केदारनाथास (सुमारे ३५८० मीटर) किंवा विमानाने लेहला उतरणाऱ्यास तर शरीराला अवधीच मिळत नाही. यासाठी ३००० मीटरांच्या पुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा संकेत आहे. ‘वातावरणानुकूलन’ हा पारिभाषिक शब्द कोशात शोभतो. मला ‘उंचीला सरावणे’ हेच बरे वाटते.

पहिला सराव मात्र घरूनच करावयाचा असतो. सपाटीवरील चाल, मग ती यवत-वरवंडच्या पालखीमार्गावरील का असेना, पावलांना घट्ट करते. चढाचे काम ती करीत नाही. त्याकरिता यवतनजीकचा भुलेश्वराचा डोंगर किंवा सिंहगड गाठावा, पाठीवरील ओझे आठवड्यागणिक थोडे वाढवावे. उतरण्याचाही सराव हवा. मांड्या आणि गुडघे खरे शिणतात ते उतारावर.

सामानाविषयी आपली जुनी भाषा पुष्कळ सांगते. पडशीचे ओझे खांद्याच्या दोन्ही बाजूंस विभागले जाते. पाठपिशवीचे सारे मागे पडते. म्हणून जड वस्तू पाठीच्या कण्यालगत व मध्यावर ठेवाव्यात आणि कमरेचा पट्टा आवळून भार नितंबांवर घ्यावा. पावसाळी अंगरखा व औषधे वरच असावीत. धनगराची घोंगडी भिजली तरी काहीशी ऊब राखते, हा लोकरीचा गुण. घामाने भिजलेले सुती कापड मात्र अंग गारठविते. दर हजार मीटरांस तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, तेव्हा एका जाड कपड्यापेक्षा काढता-घालता येणारे तीन पातळ थर उपयोगी. बूट नवे नसावेत. ते आधी काही आठवडे वापरून पायाला सरावलेले असावेत.

डोकेदुखी, मळमळ, ग्लानी ही लक्षणे दिसताच वर जाणे थांबवावे. चालताना तोल जाऊ लागला अथवा बसल्याजागी धाप लागली, तर रात्र असली तरी सोबत घेऊन त्वरित खाली उतरावे.