नवी मुंबईत परका कोण?



दरवर्षी सप्टेंबरच्या अखेरच्या रविवारी ख्रिस्तसभा स्थलांतरित व निर्वासितांचा जागतिक दिन पाळते. नवी मुंबईतील धर्मग्रामांना हा दिवस विशेष जवळचा वाटावयास हवा. कारण येथील बहुतेक भाविक स्वतःच केरळ, मंगळूर, गोवा वा वसईहून आलेले आहेत. तरीही पवित्र मिस्सेनंतर आवारात ‘परप्रांतीयांनी शहर बिघडविले’ हे उद्गार कानी पडतातच.

हा उद्गार नवा नाही. तो ज्यांच्याविरुद्ध काढला जातो ते लोक मात्र बदलत आले आहेत. आपल्याच समाजाचे उदाहरण पाहावे. मुंबई, साष्टी व वसई भागातील मूळ मराठीभाषक कॅथलिकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. त्यामागे राजनिष्ठा होती, तसेच नोकरीची चिंताही होती. गोवा व मंगळूरहून येणाऱ्या ख्रिस्ती उमेदवारांपासून आपण वेगळे आहोत, हे सरकारला दिसावे अशी इच्छा होती. धर्म एक, उपासना एक, पण जागा मोजक्या. पुढे १९६६ साली शिवसेना स्थापन झाली, तेव्हा रोष दाक्षिणात्य कारकून व टंकलेखकांवर होता. मल्याळी, तमिळ, कानडी अशा सर्वांना ‘मद्रासी’ या एकाच शब्दात कोंबले गेले. २००८ साली उत्तर भारतीय टॅक्सीचालक, फेरीवाले आणि रेल्वेच्या परीक्षेस आलेले तरुण यांना मारहाण झाली. एकेकाळी ‘मद्रासी’ म्हणून हिणविल्या गेलेल्यांची मुले आज उत्तर भारतीयांविषयी तेच शब्द वापरताना आढळतात.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. भूमिपुत्रांचे दुःख खोटे नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. आगरी व कोळी बांधवांची भातशेती, मिठागरे व खाड्या गेल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी योग्य मोबदल्यासाठी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. विकसित भूखंड परत देणारी साडेबारा टक्के योजना त्याच लढ्याचे फळ होय. हा लढा शासनाशी होता. इमारतीवर विटा वाहणाऱ्या मजुराने कोणाचीही जमीन घेतली नव्हती. हक्काची मागणी आणि माणसाचा तिरस्कार यांतील ही सीमारेषा पुसली की पूर्वग्रहाला न्यायाचा मुखवटा मिळतो.

शिवाय, खरोखर भाषा हेच कारण असते, तर बेलापूरच्या कार्यालयातील परप्रांतीय अधिकाऱ्याचाही तितकाच राग आला असता. तो येत नाही. राग येतो तो नाक्यावर कामाची वाट पाहणाऱ्याचा, सुरक्षारक्षकाचा, भाजी विकणाऱ्याचा. वाशीच्या बाजार समितीत ओझी वाहणारे माथाडी तर बहुतांशी सातारा-सांगलीकडचे, अस्सल मराठी. त्यांनाही याच महानगराने ‘घाटी’ म्हटले, आणि ते म्हणणाऱ्यांत आपले ख्रिस्ती बांधव नव्हते असे प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. गरिबीच परकी ठरते. प्रांत हे निमित्त.

‘ते आले म्हणून आमच्या मुलांना काम नाही’ हा युक्तिवादही तपासून पाहावा. कंत्राटदार दूरच्या मजुराला पसंती देतो, कारण तो बांधकामावरच राहतो, कमी मजुरी स्वीकारतो आणि तक्रार करण्यास त्याच्यामागे कोणी नसते. त्याला किमान वेतन व नोंदणी मिळाली, तर स्वस्त म्हणून त्याला निवडण्याचे कारणच उरत नाही आणि स्थानिक तरुणाचाही लाभ होतो.

या मजुरांत व घरकाम करणाऱ्या भगिनींत झारखंड, छत्तीसगड व ओडिशातील आदिवासी कॅथलिकही आहेत. रविवारी ते मागच्या बाकावर बसतात. त्यांची सादरी वा कुडुख भाषा आपल्याला येत नाही. हिंदी मात्र दोघांनाही येते. येत्या रविवारी त्यांना त्यांच्या गावाचे नाव विचारण्यास तेवढी पुरेशी आहे.