रंग जाळीचा, सही कोणाची?

९ मे २०२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात अँडी वॉरहॉलचं ‘शॉट सेज ब्लू मेरिलिन’ साडेएकोणीस कोटी डॉलरना गेलं. विसाव्या शतकातल्या कलाकृतीला लिलावात तोवर एवढी किंमत कधी आली नव्हती. १९६४ मधल्या या चौरस चित्रातला मेरिलिन मन्रोचा चेहरा वॉरहॉलने फोटोवरून छापला होता, चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रबरी पट्टीने शाई ओढून. तशीच चौकट, जाळी आणि पट्टी आपल्याकडे लग्नपत्रिकेवर सोनेरी गणपती छापते, ढोलताशा पथकाच्या टी-शर्टावर पथकाचं नाव उमटवते आणि दुकानाच्या कापडी पिशवीवर मालकाचा फोन नंबर. हत्यार एकच, पण एका छापाला संग्रहालय मिळतं आणि दुसऱ्याला रद्दीवाला. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये कला, कारागिरी आणि डिझाइन यांच्या वाटण्या बहुतेक वेळा कामाच्या शेवटी होतात, छापावर नाव कोणाचं घालायचं ते ठरताना.

दिवाळीत उंबऱ्यापुढे भोकांचा छापा ठेवून रांगोळी चाळणाऱ्या कोणालाही यातलं मूळ तत्त्व सांगावं लागत नाही: भोक असेल तिथून रंग खाली उतरतो, नसेल तिथे अडतो. खरी अडचण अक्षरं कापताना येते. कागदात ‘ठ’ कापला, की त्याच्या पोटातला तुकडा गळून पडतो. तो अधांतरी धरून ठेवायचा कसा?

जपानी कारागिरांनी या प्रश्नाचं फार देखणं उत्तर काढलं. किमोनोचं कापड रंगवण्यासाठी ते ‘कातागामी’ नावाचे कागदी साचे कापत. हाती बनवलेल्या कागदाचे थर तेंदूच्या जातीतल्या काकी फळाच्या तुरट रसाने चिकटवले, की कागद कणखर होतो आणि पाण्याला दाद देत नाही. नक्षी नाजूक असेल तर कापलेल्या कागदाच्या थरांमध्ये रेशमाचे धागे पसरत, म्हणजे सुटे तुकडे जागच्या जागी राहत आणि रंगात धाग्याची खूणही उमटत नसे. या कामाचं मोठं केंद्र आजच्या मिए प्रांतातल्या सुझुका भागात होतं. साचा कापणाऱ्याचं नाव किमोनो नेसणाऱ्यापर्यंत पोचत नसे. १९५५ मध्ये मात्र जपान सरकारने तिथल्या ‘इसे कातागामी’च्या सहा कारागिरांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून नावानिशी मान दिला. पुढच्याच वर्षी साच्याच्या रंगकामाला कलेची उंची देणारे सेरिझावा केइसुके यांनाही तो मिळाला.

धाग्यांच्या जागी अखंड रेशमी कापडच ताणलं तर सुटा तुकडा सांभाळण्याचा प्रश्नच मिटतो. १९०७ मध्ये मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने अशा पद्धतीचं पेटंट घेतलं. कापड आयतं उपलब्ध होतं. पिठाच्या गिरण्यांत मैदा चाळायला जे बारीक रेशमी ‘बोल्टिंग क्लॉथ’ वापरत, तेच चौकटीवर चढलं. पुढच्या दशकात अमेरिकेत प्रकाशाने कडक होणारं इमल्शन जाळीवर लावण्याचे प्रयोग झाले आणि हाताने साचा कापण्याची सक्ती संपली. आजही पद्धत तीच आहे. जाळीवर इमल्शन चढवून अंधारात वाळवायचं, वर काळ्या चित्राची पॉझिटिव्ह ठेवून दिव्याखाली धरायचं. प्रकाश लागलेला भाग कडक होतो, काळ्याखालचा मऊ राहतो आणि पाण्याच्या फवाऱ्याने निघून जातो. एका रंगाला एक स्क्रीन, आणि प्रत्येक स्क्रीन आधीच्या छापावर नेमकी बसायला हवी. बदललं आहे ते कापड. रेशमाची जागा पॉलिएस्टरने कधीच घेतली.

या तंत्राची खरी ताकद शाईच्या थरात आहे. ऑफसेटचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा असतो, तर स्क्रीनने दहा-वीस मायक्रॉन सहज चढतात, गरज पडली तर त्याहून कितीतरी जास्त. काळ्या कापडावर पांढरं अक्षर ठसठशीत दिसतं ते त्यामुळे. काच, लाकूड, पत्रा, प्लॅस्टिक काहीही चालतं. मोटारीच्या मागच्या काचेवरच्या तापणाऱ्या रेघा, सौरघटावरची चांदीची बारीक जाळी, रक्तातली साखर तपासायच्या पट्टीवरचे इलेक्ट्रोड, हे सगळं याच रीतीने छापलं जातं.

सुरुवातीची कितीतरी वर्षं हे तंत्र पाट्या, लेबलं आणि झेंडे छापणाऱ्यांचं होतं. चित्रकारांकडे ते महामंदीने आणलं. अमेरिकी सरकारने बेकार कलावंतांना काम देण्यासाठी १९३५ मध्ये फेडरल आर्ट प्रोजेक्ट सुरू केला. त्याच्या न्यूयॉर्कच्या पोस्टर विभागात अँथनी व्हेलोनिस हा दुकानांच्या पाट्यांच्या धंद्यातून आलेला तरुण होता. हाताने एकेक पोस्टर रंगवण्याऐवजी स्क्रीन वापरा, हे त्याने पटवून दिलं. आरोग्य, नाटकं, राष्ट्रीय उद्यानं, प्राणिसंग्रहालयं अशा विषयांवरची ती सपाट, झगझगीत रंगांची पोस्टर्स आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नऊशेहून अधिक संख्येने जपलेली आहेत. याच सुमारास चित्रकारांच्या स्क्रीन छापांसाठी ‘सेरिग्राफ’ हे नाव पुढे आलं. आपली चित्रं पाटीवाल्यांच्या मालात मोजली जाऊ नयेत, अशी चित्रकारांची इच्छा त्यामागे होती.

वॉरहॉलने या इच्छेला उलटं टांगलं. त्याला पाटीवाल्यांचाच माल हवा होता. ऑगस्ट १९६२ मध्ये मन्रोचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी त्याने ‘मेरिलिन डिप्टिक’ केलं. १९५३ च्या ‘नायगारा’ चित्रपटाच्या जाहिरातीतला एकच फोटो पन्नास वेळा: अर्धे रंगीत, अर्धे काळे-पांढरे. काळ्या भागात कुठे शाई तुंबली आहे, कुठे चेहरा विरून गेला आहे. कुठल्याही छापखान्यात अशा प्रती बाजूला टाकल्या असत्या. इथे तोच दोष चित्राचा आशय झाला. पुढच्या वर्षापासून जेरार्ड मलांगा हा साहाय्यक त्याच्याबरोबर स्क्रीन ओढू लागला.

मग सही कोणाची, हा प्रश्न कधीतरी कोर्टात जाणारच होता. १९६५ मध्ये लाल पार्श्वभूमीच्या आत्मचित्रांची एक मालिका वॉरहॉलने दिलेल्या फिल्म्सवरून बाहेरच्या व्यावसायिक छपाईदाराने छापली. छापताना वॉरहॉल हजर नव्हता. अनेक वर्षांनी त्यातलं एक चित्र त्याच्या कामाची शहानिशा करणाऱ्या मंडळापुढे आलं, तेव्हा मंडळाने ते नाकारलं आणि कॅनव्हासच्या मागे नकाराचा शिक्का मारला. मालकाने २००७ मध्ये दावा लावला आणि पुढे तो मागे घेतला. पण अशा खटल्यांच्या खर्चाने जेरीला येऊन मंडळाचाच गाशा गुंडाळायचा निर्णय २०११ मध्ये जाहीर झाला.

लंडनमध्ये साठच्या दशकात वेगळं घडत होतं. क्रिस आणि रोझ प्रेटर या दांपत्याने १९५७ मध्ये सुरू केलेल्या केल्प्रा स्टुडिओत एदुआर्दो पाओलोझ्झीची ‘अ‍ॅज इज व्हेन’ ही तत्त्वज्ञ विटगेनस्टाइनवरची चित्रमालिका १९६५ मध्ये छापली गेली. तिच्यातला रंगांचा गुंतागुंतीचा मेळ बसवला तो प्रेटरच्या हातांनी. पुढे टेट गॅलरीने या दांपत्याने दिलेल्या छापांचं प्रदर्शन मांडलं, तेव्हा शीर्षकात छपाईदारांची नावं होती. डिझाइनच्या वर्गात तर रंग शिकवायलाच हे तंत्र लागलं: योझेफ आल्बर्सच्या ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ या १९६३ च्या ग्रंथात दीडशे रंगपट स्क्रीनने छापलेले होते, कारण सपाट, भरीव रंग दुसऱ्या कुठल्या छपाईत तसा येत नव्हता.

आणि पॅरिसला नाव नकोच होतं. मे १९६८ च्या आंदोलनात विद्यार्थ्यांनी एकोल दे बोझार ही कलाशाळा ताब्यात घेऊन ‘आतेलिए पोप्युलेर’ उभारलं. सुरुवात शिळाछापाने झाली, पण त्याचा वेग पुरेना. गी द रुजमाँ आणि एरिक सेदू यांनी स्क्रीन आणली आणि रात्रीत शेकडो पोस्टर्स निघू लागली. चित्रांचा निवाडा सभेत व्हायचा आणि सही कोणीच करायची नाही, असा नियम होता. ती निनावी पोस्टर्स आता लिलावात विकली जातात.

कापडावर हिशेब वेगळा. फिनलंडच्या मारिमेक्को कंपनीने माइया इसोलाचं ‘उनिक्को’ हे १९६४ मधलं मोठ्या फुलांचं डिझाइन तिच्या नावानिशी जगभर नेलं. त्याच्या वर्षभर आधी डच कंपनी स्टॉर्कने निकेलच्या फिरत्या नळकांड्यांचं रोटरी यंत्र आणलं होतं. त्यातून मैलोगणती कापड न थांबता छापता येऊ लागलं. गुजरातमध्ये भादर नदीकाठच्या जेतपूरला मात्र लांबलचक टेबलांवर हाताने स्क्रीन ओढण्याचा धंदा फोफावला. सुती साड्या आणि आफ्रिकेला जाणारी ‘खांगा’ ही कापडं तिथे छापली गेली, आणि रंगाच्या सांडपाण्याने नदीची दुर्दशाही केली. या कापडावर छापणाऱ्याचं नाव शोधायला कोणी जात नाही. शोधलंच तर काठाला गिरणीचं किंवा व्यापाऱ्याचं सापडतं.

भारतीय चित्रकलेत बडोद्याच्या ज्योती भट्ट यांच्यासारख्या मुद्राचित्रकारांनी स्क्रीन स्वतः हाताळली. बाजारात चालतात ते सेरिग्राफ बहुधा निराळे असतात. हुसेन किंवा रझा यांच्या चित्रांचे रंग वेगळे काढून, रंगागणिक स्क्रीन करून, ठरावीक प्रती छापायच्या. डाव्या कोपऱ्यात २५/१०० असा आकडा आणि उजवीकडे चित्रकाराची सही. रंग फोडण्याचं अवघड काम करणाऱ्याचा पत्ता लागलाच, तर कागदाच्या कडेला दाबलेल्या छोट्या उठावाच्या शिक्क्यात लागतो.

चेन्नईच्या तारा बुक्सने ही उतरंड थोडी हलवली. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांचं ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ २००६ मध्ये काळ्या हातकागदावर पानापानाने स्क्रीन ओढून छापलं गेलं. २००८ मध्ये बोलोन्याच्या बालपुस्तक जत्रेत त्याला पुरस्कार मिळाला. ते जिथे छापलं आणि बांधलं गेलं, त्या ‘एएमएम स्क्रीन्स’ कार्यशाळेचं नावही सोबत जगभर फिरलं. त्यानंतरच्या ‘डू!’ या पुस्तकात बदामी क्राफ्ट कागदावर पांढऱ्या शाईत वारली माणसं नांगरतात, नाचतात, भांडतात. रमेश हेंगडी, शांताराम धडपे, रसिका हेंगडी आणि कुसुम खरपडे या वारली चित्रकारांची नावं त्या पुस्तकावर आहेत. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी मुंबई-पुण्याच्या दुकानांत वारली शैलीतल्या तारप्याच्या नाचाच्या स्क्रीन प्रिंटेड चादरी गठ्ठ्याने विकल्या जातात, आणि त्यांच्या लेबलावर धुण्याच्या सूचना असतात, चित्रकाराचं नाव नसतं.