उजेडातला टीव्ही

कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत टीव्हीच्या निवडीवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. पण आम्ही या विषयाकडे हौसेने वळलो नाही. ठेच लागली म्हणून वळलो. ज्या पैशाने ठेच लागली तो सभासदांच्या वर्गणीचा होता. तेव्हा त्याचा हिशेब चारचौघांत मांडणे आमचे कर्तव्यच आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यानंतर आम्ही युनियनच्या सभागृहासाठी ५५ इंची ओलेड संच घेतला. दुकानातल्या अंधाऱ्या दालनात त्याचे चित्र काळ्या मखमलीवर मांडलेल्या दागिन्यासारखे दिसत होते. आमच्या सभागृहाला मात्र पश्चिमेकडे चार मोठ्या खिडक्या आहेत, आणि संच आम्ही टांगला तो नेमका त्यांच्या समोरच्या भिंतीवर. दुपारी चार वाजता निवृत्तीला आलेल्या कामगारांची सभा भरली. प्रत्येकाच्या पेन्शनचा हिशेब टीव्हीवर दाखवायचा होता. तिसऱ्या रांगेतले एक वडीलधारे फिटर उठून म्हणाले, “भाऊ, आकडे राहू द्या, आम्हांला यात आमचीच तोंडं दिसताहेत!” सगळे हसले. आम्हीही हसलो, पण मनातून शरमलो.

असे का झाले? टीव्हीच्या काचेवरून डोळ्यांत येणारा उजेड दोन प्रकारचा असतो: एक संचाचा स्वतःचा, दुसरा खोलीतून आदळून परतलेला. परतलेला उजेड चित्राच्या पांढऱ्या भागात मिसळतो, तसाच काळ्या भागातही मिसळतो. म्हणून काळे काळे राहत नाही, आणि काळ्यापांढऱ्यातला फरक मावळला की अक्षर वाचता येत नाही.

थोडा हिशेब करू. तेजस्वितेचे माप ‘निट’ हे आहे. खिडकीतून दिसणारे आकाश ४,००० निटचे धरा, आणि काच शंभरातले दोन भाग परत फेकते असे धरा. म्हणजे ८० निटचा उजेड चित्रावर कायमचा बसला. संचाचे पांढरे २०० निटचे असेल, तर पांढरे झाले २८० आणि काळे ८०. पांढरे काळ्याच्या जेमतेम साडेतीन पट. आता ६०० निटचा, तिप्पट उजेडाचा संच आणा. प्रमाण साडेआठ पट होईल. उलट, जुनाच संच ठेवून खिडकीला जाड कापड लावा आणि तिचे तेज १,००० निटवर आणा. परतणारा उजेड २० निट उरेल आणि प्रमाण होईल ११ पट! तिप्पट तेजाच्या संचाला जे जमले नाही, ते काही हात कापडाने केले.

परंतु कापड लावणे सर्वत्र शक्य नसते. उन्हाळ्यात वाराही हवा असतो. अशा खोलीसाठी संच निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट संचाच्या जातीची. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. अंधारात त्याच्यासारखे काळे दुसऱ्याचे नाही. पण जाहिरातीतला निटचा मोठा आकडा बहुधा चित्राच्या लहानशा तुकड्याचा असतो. सगळे पान पांढरे झाले की अनेक ओलेड संच वीज आवरण्यासाठी तेज बरेच खाली आणतात. आमचा पेन्शनचा तक्ता म्हणजे पांढरे पानच! ‘एलईडी’ म्हणून विकला जातो तो वस्तुतः मागून दिवे लावलेला एलसीडी होय. त्यातला ‘मिनी एलईडी’ हा प्रकार, मागे पुष्कळ बारीक दिवे असल्यामुळे, पूर्ण पांढरे पानही चांगले उजळ ठेवू शकतो. भर उजेडाच्या खोलीला तो अधिक मानवतो.

दुसरी गोष्ट काचेची. खिडकी अगदी समोर असेल तर मंद, खरखरीत पृष्ठभागाचा संच बरा. तो प्रतिबिंब फोडून पसरवतो, मात्र काळ्याला थोडी राखेची छटा आणतो. उजेड बाजूने येत असेल तर चकचकीत, पण प्रतिबिंब कमी करणारा थर असलेली काच चालते.

तिसरी गोष्ट बसण्याची. काही एलसीडी संच बाजूने पाहिले की फिके पडतात. माणसे खोलीभर पसरून बसणार असतील तर कडेला उभे राहून चित्र पाहावे. आकाराचेही तसेच. ६५ इंची संचाचे क्षेत्रफळ ५५ इंचीपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त असते. मागच्या रांगेला अक्षर वाचायचे असेल तर हा फरक मोलाचा. पण प्रतिबिंबालाही तेवढीच मोठी काच मिळते, हे विसरू नये.

दुकानात जाताना आपला पेनड्राइव्ह न्यावा. त्यात एक पांढरे पान आणि एक रात्रीचे दृश्य असावे. संच दुकानाच्या भडक मांडणीवरून घरच्या मांडणीवर आणायला सांगावे. मग तो बंद करून मोबाइलची बॅटरी समोर धरावी, आणि कोणती काच किती उजेड परत फेकते ते शेजारी शेजारी ताडून पाहावे. विक्रेत्याने कपाळाला आठ्या घातल्या तरी हरकत नाही.

आम्ही काय केले? संच दक्षिणेच्या भिंतीवर हलवला, म्हणजे खिडक्या समोर न राहता बाजूला आल्या. त्यांतल्या दोन खिडक्यांना जाड कापड लावले. चूक संचाची नव्हती, निवडणाऱ्यांची होती, असे सर्वसाधारण सभेत सांगितले.

पुढच्या सभेत त्याच फिटरांनी आपला आकडा मोठ्याने वाचला आणि म्हणाले, “भाऊ, वीस वर्षांवर सेवा झाली की दोन वर्षांची जोड मिळते, ती धरली नाहीत.” तक्ता आमचाच, चूकही आमचीच. पेन्शनपात्र वेतन १५,००० रुपये धरले तर दोन वर्षांचे, सत्तरने भागून, महिना सुमारे ४२८ रुपये होतात. पहिल्या दिवशी त्या काचेवर हे ४२८ रुपये कुणालाच दिसले नसते.