यकृतातील गाठ : प्रतिमा पुरेशी, की सुई आवश्यक?

रायगडच्या किनारपट्टीवर, अलिबाग-मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंत, व्यवसाय करणाऱ्या आम्हां वैद्यांकडे सोनोग्राफीत ‘यकृतात गाठ’ आढळलेला रुग्ण येतो, तेव्हा एक भय त्याच्या मनात आधीच घर करून बसलेले असते : सुई टोचली की गाठ पसरते. या भयाला आम्ही काय उत्तर देतो, यावर पुष्कळदा त्याचे पुढील आयुष्य अवलंबून असते.

बायॉप्सी हवी की नको, हे गाठीइतकेच तिच्या अधिष्ठानावर, म्हणजे मूळ यकृताच्या स्थितीवर ठरते. निरोगी यकृतास सुमारे तीन-चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळते. यकृताचा कर्करोग मात्र बहुतांशी धमनीवर पोसला जातो. म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन तीन टप्प्यांत काढलेल्या सी.टी. किंवा एम.आर.आय.मध्ये ती गाठ धमनीच्या टप्प्यात उजळते व नंतर भोवतालच्या यकृतापेक्षा काळवंडते. प्रौढ रुग्णास सिरोसिस वा जुनाट हिपॅटायटिस बी असेल आणि १ सें.मी. अथवा त्याहून मोठ्या गाठीत ही दोन्ही लक्षणे स्पष्ट दिसत असतील, तर सुईवाचून निदान निश्चित होते. सुईशिवाय निदानाचे असे निकष युरोपीय तज्ज्ञांनी २००१ मध्ये मांडले. पुढे ते अधिक काटेकोर झाले.

याउलट यकृत मुळात निरोगी असेल, चित्र संदिग्ध असेल, किंवा गाठ अन्य अवयवाच्या कर्करोगाची शाखा असल्याचा संशय असेल, तर बायॉप्सीस बहुधा पर्याय नसतो. केवळ ए.एफ.पी. वाढले म्हणून निदान करू नये. रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, म्हणजे हिमँजिओमा, प्रतिमेवरच ओळखावी. तेथे सुईने रक्तस्रावाचे भय असते. हायडॅटिड गाठीत अविचाराने सुई घातल्यास तीव्र अ‍ॅलर्जीचा धोका असतो. ज्वर व उजव्या कुशीत शूल असेल, तर अंतर्विद्रधीचा विचार आधी करावा; सुश्रुतांनी त्याच्या स्थानांत यकृताची गणना केलीच आहे.

सुईच्या मार्गात कर्करोग रुजण्याची भीती निराधार नाही. २००८ मधील एका एकत्रित विश्लेषणात हे प्रमाण शेकडा सुमारे २.७ आढळले. म्हणूनच शस्त्रक्रिया वा प्रत्यारोपण शक्य असलेल्या रुग्णात सुईचा निर्णय शल्यचिकित्सकाच्या सल्ल्याने व्हावा. परंतु या भयापोटी आवश्यक बायॉप्सी नाकारणे योग्य नव्हे. जलोदरात व्रीहिमुख शस्त्राने वेध सांगणाऱ्या आपल्या परंपरेस शस्त्राचे भय नाही. तिचा आग्रह योग्य स्थानाचा व योग्य काळाचा आहे.

आमचे कर्तव्य स्पष्ट आहे. साध्या सोनोग्राफीवर न थांबता रुग्णास मोठ्या केंद्रात पाठवावे. टाटा मेमोरियल सेंटरचे खारघर येथील केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. मांडव्याहून बोटीने मुंबईही जवळ आहे. सोबतच्या पत्रात मद्यपान, पूर्वीची कावीळ, हिपॅटायटिस बी व सी यांच्या तपासण्या, रक्त पातळ करणारी औषधे आणि आपण दिलेली औषधे नमूद करावीत. लहान गाठ शस्त्रक्रियेने वा उष्णतेने जाळून काढता येते. ती संधी काढ्याच्या प्रतीक्षेत दवडू नये. निदान निश्चित झाल्यावर आहार, अग्निरक्षण व बलरक्षण यांसाठी, त्या तज्ज्ञांना कल्पना देऊन, आम्ही रुग्णाच्या सोबत आहोतच.