दारूची तलफ : लेखांक चौथा
बाटली उघडण्याआधी

मागच्या लेखात दारू पोटात गेल्यावर यकृताचं काय होतं ते पाहिलं. आज त्याआधीचा टप्पा. एक थेंबही ओठाला लागलेला नसताना तलफ येते, ती कशानं?

बिलोली तालुक्यात याचं उत्तर श्रावणात बघायला मिळतं. गटारीला शुद्ध हरपेपर्यंत पिणारा गडी दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बाटलीला शिवत नाही. शरीर तेच, दुकानही तिथंच. पण आता त्याला कुणी बोलवत नाही, घरात मटण शिजत नाही आणि आपण श्रावण पाळतो हे त्यानं स्वतःशी ठरवलेलं असतं. पोळा झाला, कर उजाडली, की सकाळपासून त्याच्या घशाला कोरड पडते. दारूनं तर महिनाभरात काहीच केलेलं नसतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मारलॅट आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली हेच तपासलं. ३२ व्यसनी आणि ३२ बेतानं पिणारी माणसं घेतली आणि पेयांची चव सांगा म्हणून त्यांच्यापुढं पेले ठेवले. काहींना व्होडका आहे असं सांगून नुसतं टॉनिक पाणी दिलं, काहींना टॉनिक सांगून त्यात व्होडका मिसळली. व्होडका पितोय असं ज्यांना वाटलं ते जास्त प्यायले, मग पेल्यात ती असो वा नसो. नकळत व्होडका पोटात गेलेल्या व्यसनी माणसांचाही तोल सुटला नाही. एक घोट गेला की थांबताच येत नाही, या पक्क्या समजुतीला त्यानं मोठा धक्का बसला.

आता आडतीबाहेर उभं राहून बघा. सोयाबीनची पट्टी झालेली, खिशात रोकड, दिवस कललेला. चौघांतला एक जण म्हणतो, "बसायचं का?" दुकानापुढं फुटाण्याच्या, शेंगदाण्याच्या पुड्या लटकलेल्या दिसतात आणि तोंडाला पाणी सुटतं. वेळ, जागा, सोबती आणि पैसा मेंदूनं ओळखलेला असतो, शरीर पिण्याच्या तयारीला लागलेलं असतं. म्हणून "मन घट्ट कर" एवढं बजावून भागत नाही. पट्टीच्या दिवशी घरचं माणूस सोबत जावं, रक्कम खात्यात जमा व्हावी, परतायची वाट बदलावी. बायकोनं शिव्या देण्यापेक्षा याचा उपयोग जास्त, असं माझं ठाम मत आहे. गावाच्या हातातही उपाय आहे. आडव्या बाटलीच्या मतदानात निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी कौल दिला, तर परवान्याचं दुकान बंद करता येतं. डोळ्यांपुढून दुकान हटलं की संध्याकाळ बदलते.

मात्र सगळंच मनाचं नसतं. तेलंगणाच्या सीमेवर आपल्याकडं शिंदीही चालते. पहाटेची ताजी शिंदी गोड असते, उन्हं चढतील तशी ती आंबते. तीत क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची पावडर मिसळलेली असेल, तर जडलेली लत त्या रसायनाची असते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं दारू किंवा अशी शिंदी एकदम तोडली, तर हात थरथरतात, फिट येते, भास होतात. त्यात जीवही जाऊ शकतो. श्रावण सहज पाळणाऱ्याची गोष्ट वेगळी. सकाळी उठल्याबरोबर ज्याला घोट लागतो, त्याला शपथ घालू नका. सोडण्याआधीच डॉक्टरांकडं न्या आणि रोज किती पितो ते खरं सांगा, म्हणजे पहिल्या काही दिवसांची औषधं त्यांना ठरवता येतील.